फुलं नसतात तेव्हाची बाग

आमचा ओटा आणि समोरची कुंपणाची भिंत यांच्यामध्ये ३६ फूट लांब आणि १४ फूट रुंद अशी जमिनीची पट्टी आहे. राहायला आलो तेव्हा तिथे बांधकामाचा राडारोडा पडला होता. तो उपसला, वर चांगली माती पसरली, आणि पावसाळा तोंडावर असताना एका रविवारी मी आणि नवरा नर्सरीत जाऊन २३ झाडं घेऊन आलो. निवडीची रीत एकच होती: जे फुललंय ते उचलायचं. गुलाबी क्रेप मर्टल, पिवळा टिकोमा, मुसांडा, दोन रंगांचे चाफे, लाल जास्वंद, अनंत. घरी आणून सगळी दोन-दोन फुटांवर ओळीनं लावून टाकली. रोपं लहान होती, जागा भरपूर दिसत होती.

पहिले तीन-चार महिने माझे पाय जमिनीवर नव्हते. येणारा-जाणारा फाटकापाशी थांबायचा. त्या कौतुकात एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ज्या दिवशी खरेदीला गेले त्या दिवशी फुललेली झाडंच आणली, म्हणजे सगळी एकाच हंगामात फुलणारी आणली. वर्षाचा सगळा बहर मी एका कोपऱ्यात दाटून बसवला होता.

हिवाळा लागला तशी पट्टी उघडी पडत गेली. क्रेप मर्टलची पानं पिवळी-तांबूस होऊन गळाली. चाफ्याची गळाली आणि खाली जाड बोटांसारख्या फांद्या उरल्या. मुसांडा विरळ झाला, टिकोम्यावर वाळक्या शेंगा लोंबू लागल्या. हिरवं म्हणून राहिलं ते जास्वंद आणि अनंत, तेही मधेमधे, कुठेतरी. एकदा मीटर बघायला आलेल्या माणसानं सहज विचारलं, "इथे झाडं लावायची असतील ना आता?" मी मान डोलावली. दुसरं काय सांगणार!

स्वयंपाकघरातली भांडी घासायची जागा नेमकी या पट्टीसमोरच्या खिडकीशी आहे. दिवसातून दोन वेळा, वर्षाचे बाराही महिने मी तिथे उभी असते. बाग फुललेली असते तेव्हा आपण मुद्दाम जाऊन बघतो, पण नाईलाजानं, डोळ्यासमोर आहे म्हणून जी बघावी लागते ती बिनफुलांचीच जास्त. हे कळायला मला एक अख्खा हिवाळा त्या काटक्यांकडे बघत भांडी घासावी लागली.

मग मी त्या खिडकीतून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक फोटो काढायला सुरुवात केली. एकदा खेळता खेळता मुलीनं फोनवर ऐन बहरातला फोटो काळा-पांढरा करून दाखवला, आणि मी चाटच पडले. रंग काढून घेतल्याबरोबर बागेत काही उरलंच नाही. लाल जास्वंद आणि त्यामागची पानं एकाच करड्या रंगात विरघळून गेली. नुसता करडा गोंधळ, उंच काय, बुटकं काय, पुढे काय, मागे काय, काही कळेना. नजर ठरायला जागाच नव्हती. आजही बागेत काही बदल करायचा म्हटलं की आधी तो काळा-पांढरा फोटो बघते. रंग फार सहज फसवतो, आकार फसवत नाही.

दुसऱ्या वर्षी नर्सरीत जाण्याआधी कागद घेतला. एक फूट म्हणजे दोन सेंटीमीटर असं प्रमाण धरून ७२ बाय २८ सेंटीमीटरची पट्टी आखली. मग जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांतून प्रत्येक झाडाची एकेक चकती कापली. आज असलेल्या रुंदीची नव्हे, वाढ पूर्ण झाल्यावर होईल त्या रुंदीची. जास्वंदाला पाच फूट, तगरीला पाच, टिकोम्याला सात, क्रेप मर्टलला आठ. २३ चकत्या कापल्या आणि कागदावर मांडायला घेतल्या. नऊ चकत्यांतच मधला पट्टा भरला. उरलेल्या १४ एकमेकींच्या डोक्यावर. नवरा चहाचा कप घेऊन मागे उभा होता. म्हणाला, "यांना बाल्कनी काढून द्यायची का?" त्या हसण्यातच ठरलं, की निम्म्याहून जास्त झाडं नातेवाइकांकडे पाठवायची. टिकोमे गेले, एक चाफा गेला, तीन मुसांडे गेले. एक चाफा मात्र फाटकाशी आहे तिथेच राहू दिला.

दोन झाडांमधलं अंतर ठरवायचा हिशेबही चकत्यांनीच शिकवला. दोघांच्या पूर्ण रुंदीची बेरीज करायची आणि निम्मी करायची. आठ फुटी क्रेप मर्टल आणि पाच फुटी तगर, म्हणजे बुंध्यांमध्ये साडेसहा फूट. प्रत्यक्ष लावताना ते अंतर इतकं वेड्यासारखं वाटतं, की हात आपोआप मधे आणखी एक रोप खुपसायला जातो. मी ती भूक झेंडू आणि कॉसमॉस पेरून भागवली. पहिली दोन वर्षं त्यांनी मोकळ्या जागा भरून काढल्या, आणि झुडपं पसरली तशी त्यांना ऊन मिळेनासं होऊन ती आपसूक मागे हटली.

आता कायम हिरवं काय लावायचं हा प्रश्न. कण्हेर सर्वांत सोपी होती. पाणी कमी चालतं, फुलं भरपूर, पानं बारा महिने. पण तिचा एकूण एक भाग विषारी, आणि घरात तेव्हा नणंदेचं दीड वर्षाचं पोर प्रत्येक पान तोंडात घालून बघत होतं. कण्हेर बाद. भिंतीलगतच्या हेजसाठी कामिनी ठरली. लिंबाच्या कुळातली ही, पान लहान, गडद आणि तुकतुकीत. अडीच-अडीच फुटांवर १५ रोपं, भिंतीपासून दोन फूट सोडून. त्यांच्यापुढे मधला थर झुडपांचा: दोन तगरी, एक क्रेप मर्टल, जास्वंद, शिल्लक राहिलेला मुसांडा. सर्वांत पुढे, ओट्याच्या बाजूनं, बुटका एक्झोरा. दोन्ही टोकांना एकेक मोरपंखी, पुस्तकांच्या रांगेला दोन बाजूंनी टेकू लावावा तशी. मोरपंखीवरून घरात वाद झाला, कारण सासूबाईंना ती सरकारी कचेरीसमोरच्या बागेची आठवण करून देते. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण काळ्या-पांढऱ्या फोटोत सगळ्यात आधी उठून दिसतात त्या याच दोघी.

एक गोष्ट आमच्या माळीकाकांनी सुचवली, ती मला कधीच सुचली नसती. ते म्हणाले, "ताई, हेज आणि पुढची झाडं यांच्यात मला आडवं चालता येईल एवढी वाट ठेवा. नाहीतर मी छाटायला उभा राहू कुठे?" दीड फुटाची ती वाट समोरून कुणाला दिसत नाही. पण ती आहे म्हणून १५ कामिनी अजून धड आहेत. त्यांनीच हेजला खाली रुंद आणि वर किंचित निमुळता आकार दिला. वरून रुंद झालं की खालच्या फांद्यांवर ऊन पडत नाही, त्या झडतात, आणि हिरव्या भिंतीखाली काटक्यांचे पाय दिसू लागतात.

लावल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कामिनीची पानं पिवळी पडून गळायला लागली आणि माझं धाबं दणाणलं. सदाहरित म्हणून आणली आणि ही तर गळतेय! नीट बघितलं तेव्हा कळलं की पिवळी पानं सगळी आतल्या, जुन्या फांद्यांवरची होती. शेंड्यांना कोवळी पालवी शाबूत होती. सदाहरित झाडाचं पानही म्हातारं होऊन गळतंच, फक्त सगळी एकदम रजा घेत नाहीत, पाळीपाळीनं जातात.

अनंताची पिवळी पानं मात्र वेगळी निघाली. तिथे कोवळी पानंच पिवळी, आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी स्पष्ट. ही लोहाची कमतरता. माती अल्कधर्मी असली की तिच्यात लोह असूनही अनंताला ते घेता येत नाही, त्याला आंबट माती लागते. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारून तात्पुरती तरतरी आली. शेवटी मी त्याला जमिनीतून काढून मोठ्या कुंडीत वेगळ्या मातीत लावला आणि ओट्याच्या पायरीशी ठेवला. वास घ्यायला ती जागा बरीच बरी. (याचं शास्त्रीय नाव गार्डेनिया. ते गार्डनवरून आलं असणार असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात ते १८ व्या शतकातल्या अलेक्झांडर गार्डन नावाच्या डॉक्टरांवरून पडलंय. आडनावच गार्डन!)

छाटणीनं मला खरं रडवलं. तिसऱ्या वर्षी माळीकाका गावी गेले होते, म्हणून दुसऱ्या एका माणसाला बोलावलं. मी बाहेर गेले आणि परत येऊन बघते तर एक्झोराचे सुंदर, गुळगुळीत चेंडू करून ठेवलेले. दिसायला देखणे. पण दुसऱ्या दिवशी झाडाखालचा कचरा गोळा करताना हातात आले ते शेंड्यांवरचे कळ्यांचे झुबके, बारीक तांबड्या टाचण्यांसारखे. एक्झोरा फुलतो तो फांदीच्या टोकाला. मोठ्या कात्रीनं वरून फिरवलं की नेमकी टोकं जातात, आणि पुढचा बहर कचऱ्याच्या टोपलीत. आता एक्झोराला मोठी कात्री लागत नाही. एक बहर संपला की लहान सिकेटरनं (छाटणीच्या हातकात्रीनं), एकेक फांदी आत पानाच्या बेचक्यापर्यंत जाऊन कापते. वेळखाऊ काम आहे, पण त्यानं झुडूप मोकळंही होतं आणि फुलतंही.

कामिनीचंही तेच. सतत कातरत राहिलं तर हिरवी भिंत मिळते, फुलं मिळत नाहीत. मी मध्यम मार्ग काढला. पुढची आणि मागची बाजू कातरायची, डोकं मात्र एका मोठ्या बहरापर्यंत वाढू द्यायचं. कोरडे दिवस जाऊन एखादा चांगला पाऊस पडला की काही दिवसांनी सगळी हेज एका रात्रीत पांढरी होते, संध्याकाळी दार उघडलं की वास घरात शिरतो, आणि दोन-तीन दिवसांत सगळ्या पाकळ्या खाली. त्या दोन-तीन दिवसांसाठी डोक्यावरचे विस्कटलेले केस चालवून घ्यायचे.

क्रेप मर्टल याच्या उलट. ते नव्या फुटीवर फुलतं. हिवाळ्याच्या शेवटी, पालवी फुटायच्या आधी छाटलं तर काही बिघडत नाही. उलट फूट जोमदार येते. पण ज्यांची फुलं गेल्या वर्षीच्या लाकडावर येतात, मोठ्या गुच्छांचं हायड्रेंजिया किंवा अझेलिया, त्यांना हिवाळ्यात कात्री लावली तर त्या वर्षापुरतं फुलांवर पाणी सोडायचं. त्यांची छाटणी फुलं संपल्याबरोबर. माझ्याकडे ही दोन्ही नाहीत, पण बहिणीकडे हायड्रेंजिया आहे आणि तिनं सलग तीन वर्षं ते चुकीच्या वेळी छाटून, नर्सरीवाल्यानं खोटं रोप दिलं म्हणून त्याला शिव्या घातल्या आहेत.

सगळ्यात महागडी चूक मोरपंखीबरोबर झाली, आणि ती माझ्या हातची. डावीकडची मोरपंखी ओट्याच्या पायरीवर येत होती. जास्वंद कापायची सवय होती. कसंही कापा, महिन्याभरात फुटतं. त्याच हातानं मी मोरपंखीची एक बाजू आत, तपकिरी लाकडापर्यंत कापली. आत डोकावलं तेव्हा पहिल्यांदाच दिसलं, की या झाडाचा हिरवा भाग म्हणजे बाहेरचा जेमतेम वीतभर जाडीचा अंगरखा. आत सगळा कोरडा, तपकिरी पसारा, एकही हिरवा ठिपका नाही. मी फुटीची वाट बघत राहिले. एक महिना, चार महिने, वर्ष. मोरपंखीसारख्या झाडांच्या जुन्या उघड्या लाकडावर नवे डोळे फुटत नाहीत. सूचिपर्णींमध्ये 'यू' नावाच्या झाडासारखे मोजके अपवाद सोडले तर बहुतेकांची हीच तऱ्हा. हिरव्याच्या आत हिरव्यापुरतंच कापायचं, आणि तेही लहानपणापासून, थोडं थोडं. त्या बाजूला अजूनही दोन हात उंचीचं भगदाड आहे.

उजवीकडची मोरपंखी वेगळ्याच कारणानं आतून तपकिरी पडायला लागली होती. तिच्या शेजारी जास्वंद होतं, आणि जास्वंदाला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं म्हणून नळी तिथेच पडलेली असायची. मोरपंखीची मुळं सदा ओल्यात. एकमेकांशेजारी काय शोभेल याचा मी खूप विचार केला होता, कोणाला किती तहान लागते याचा अजिबात नाही. खरं तर रंग न जुळलेली जोडी चालवून घेता येते, पाणी न जुळलेली नाही. जास्वंद हलवायचंच होतं, कारण त्याचं दुसरंही एक दुखणं होतं. कामिनी सहा फुटांवर गेल्यापासून दुपारी दोननंतर त्याच्यावर सावली पडायची आणि फुलं जवळपास बंद झाली होती. हिरवी पार्श्वभूमी उभी करताना ती सावलीही पाडणार, हे कागदावरच्या चकत्यांत दिसत नाही. चकत्यांना उंची नसते.

जास्वंद हलवण्याचा दिवस अजून आठवतो. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी दिलं. सकाळी उन्हं चढायच्या आधी बुंध्यापासून सव्वा फुटावर गोल चर खणला, खालून पहार घालून मुळांचा गोळा सुटा केला, गोणपाटावर सरकवला आणि दोघांनी ओढत पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नेला. फांद्या निम्म्यावर आणल्या, उरलेल्यातलीही बरीच पानं काढली, म्हणजे तुटक्या मुळांवर बोजा कमी. खड्ड्यात बसवताना पूर्वी माती होती तेवढीच पातळी ठेवली, बुंधा पुरला नाही. वर वाळक्या पानांचं तीन बोटं जाड आच्छादन, बुंध्याला न टेकेल असं. १० दिवस ते मेल्यासारखं दिसलं. सासूबाई रोज नखानं साल जरा खरवडून खाली हिरवं आहे का बघायच्या आणि आत येऊन बातमी द्यायच्या, "आहे गं, जीव आहे." २२ व्या दिवशी एका डोळ्यातून पान निघालं.

नव्या जागी ते फुललं, पण संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसतो तेव्हा लाल जास्वंद दिसतच नाही. उजेड उतरला की लाल फुलं काळपट होऊन गडद पानांत बुडून जातात, आणि तगरीचं पांढरं फूल मात्र जणू आतून उजळल्यासारखं दिसत राहतं. हा आपल्या डोळ्यांचा गुण. मंद प्रकाशात लाल आधी विझतं आणि निळं-हिरवं मागे उरतं. पुर्किंजे नावाच्या चेक शास्त्रज्ञानं १९ व्या शतकात हे नोंदवलं, म्हणून त्याला पुर्किंजे परिणाम म्हणतात. आमचा बागेतला सगळ्यात जास्त वेळ दिवेलागणीचाच. तेव्हा तिसरी तगर आली, जास्वंदाच्या मागे.

आता पट्टीला सहा वर्षं झाली. फुलांच्या हिशेबात मी बरीच कंजूष झाले आहे. जास्वंदाचं फूल एका दिवसाचं, कामिनीचं दोन-तीन दिवसांचं. मुसांडाचा तो गुलाबी रंग मात्र पाकळ्यांचा नाही, फुलाखालच्या संदलांचा, म्हणजे एरवी कळी झाकणाऱ्या हिरव्या दलांचा आहे, खरं फूल आतलं इवलंसं पिवळं. म्हणून तो आठवडेच्या आठवडे टिकतो. बोगनवेलीचंही तसंच, तिथे रंग असतो सहपत्रांचा, म्हणजे फुलालगतच्या पानांचा. दोन्हींपैकी एक तरी असावं, बाकीच्यांच्या सुट्ट्या भरून निघतात.

हिवाळ्यात क्रेप मर्टल अजूनही पूर्ण उघडं पडतं. ताम्हणीच्याच जातकुळीतलं हे झाड, पानं गळाली की खोडाची पातळ साल सुटून खाली गुळगुळीत, करडे-पिवळसर डाग दिसतात. पूर्वी मागे भिंतीचा गिलावा होता, तेव्हा ते झाड वाळल्यासारखं वाटायचं. आता मागे कामिनीची काळोखी हिरवी भिंत आहे, आणि तेच खोड कुणीतरी मुद्दाम घासूनपुसून उभं केल्यासारखं दिसतं. मीटरवाला यंदा पुन्हा आला होता, त्यानं काही विचारलं नाही.

सासूबाईंचा पारिजातकाचा हट्ट चालू आहे. तोही पानझडी, पान खरखरीत, उन्हाळ्यात अगदी केविलवाणा. पण कामिनीपुढे तोही खपून जाईल असं त्यांचं म्हणणं, आणि त्यासाठी त्यांनी स्वतः एक चकती कापून कागदावर ठेवली आहे. १० फुटांच्या झाडाला पाच फुटांची. मी ती मोजली, काही बोलले नाही.

डाव्या मोरपंखीच्या भगदाडापुढे एक्झोरा लावला आहे, बुटका नव्हे, उंच वाढणारा. खिडकीतून बघितलं तर वरचं वीतभर अजून दिसतं.